मॉडेलवरचा मळ : शकुंतला, गंज आणि आपली नजर

विषय लहान आहे, म्हणजे अगदी १:८७ इतका लहान. रेल्वेची मॉडेलं बनवणारे लोक मॉडेल जोडून, रंगवून झालं की त्यावर मळ चढवतात. त्या मळाबद्दल आज बोलायचं आहे. इंग्रजीतून आलेला शब्द वेदरिंग, आणि त्यातला एक जुना प्रकार वॉश. शब्द फसवा आहे बघा. वॉश म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे धुणं येतं. इथे नेमकं उलटं : धुतल्यासारख्या स्वच्छ वस्तूवर पातळ रंग सोडायचा आणि ती मळवायची.

आम्ही वाशिम-कारंजा भागातले चार-पाच जण हा उद्योग करतो. पण हे कसं करायचं ते शिकवायला आज उभे नाही, त्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. आज टीका करायची आहे. कुणा एकाच्या मॉडेलवर नाही, आपल्या सगळ्यांना लागलेल्या एका सवयीवर.

बाहेरगावहून हे वाचणाऱ्यांसाठी आधी थोडी ओळख. यवतमाळहून मूर्तिजापूर आणि तिथून पुढे अचलपूर, अशी ही नॅरोगेज गाडी. हिलाच वऱ्हाडात शकुंतला म्हणतात. दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. यवतमाळ-मूर्तिजापूर हा ११३ किलोमीटरचा तुकडा आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या कारंजावरून जातो. किलिक निक्सन या कंपनीने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली १९१० मध्ये, कशासाठी, तर वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मुख्य लाइनवर आणि तिथून मुंबईला न्यायला. इंजिन मँचेस्टरचं, वाफेवरचं, आणि ते १९९४ च्या एप्रिलपर्यंत चाललं. मग डिझेल आलं. गेल्या दशकात गाडीच थांबली. मालकी अजून त्या कंपनीचीच कशी, ही गोष्ट वर्तमानपत्रं दर दोन वर्षांनी सांगतात, आज ती बाजूला ठेवू. डागांची गोष्ट कुणी सांगत नाही, ती आम्ही सांगतो.

शकुंतलेचं तयार किट दुकानात जाऊन मागावं तर आम्हाला तरी मिळालेलं नाही. हौशी लोक स्वतःच बनवतात. १:८७ या प्रमाणात ७६२ मिलिमीटरचे पावणेनऊ मिलिमीटर होतात, आणि बाजारात ९ मिलिमीटरचा रूळ सहज मिळतो. त्यामुळे ९ मिलिमीटरवर धावणाऱ्या एखाद्या छोट्या इंजिनाचा खालचा सांगाडा घ्यायचा, आणि वरचं शरीर प्लास्टिकच्या पत्र्यातून कापून किंवा थ्रीडी प्रिंट करून बसवायचं. कष्टाचं काम आहे. जे करतात त्यांच्या हाताला आमचा नमस्कार आहे, पुढचं ऐकताना हे लक्षात ठेवा.

आता तक्रार. अशी बरीच मॉडेलं आम्ही पाहिली, काही हातात घेऊन, बरीचशी फोटोत. त्यांत एक साचा पुन्हा पुन्हा दिसतो. धुराड्यातून कापसाचा धूर निघतोय. कोळसा भरलेला. ड्रायव्हरचा पुतळा बाहेर वाकून बघतोय. फलाटावर टोपलं घेतलेली बाई, सायकल, शेळी. आणि इंजिन? बॉयलरवर नारिंगी गंजाचे चट्टे, जागोजागी रंगाचे टवके उडालेले, छपराच्या पत्र्याला भोक, डब्याच्या प्रत्येक दारातून तपकिरी ओघळ. खाली रूळ मात्र नव्या स्टीलच्या ताटासारखे चकचकीत, कारण मॉडेलचं चाक चालायचं तर रूळ घासलेलेच लागतात.

या दृश्यात गाडी एकाच वेळी चालूही आहे आणि वीस वर्षं बंदही आहे.

रुळाचा माथा हा रेल्वेतला सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार. रोज चार चाकं त्याच्यावरून गेली की तो लखलखतो. चार दिवस गाडी गेली नाही आणि वरून पाऊस पडला की तांबूस होतो. महिन्याभरात तपकिरी. रुळाकडे बघून लाइन चालू की बंद हे शाळकरी पोरगंही सांगेल. मग चकचकीत रुळावर सडलेलं इंजिन उभं केलं तर बघणाऱ्याने नेमकं काय समजायचं? कुठल्या वर्षातला कुठला दिवस?

गंज कशाचा पुरावा असतो, याचा विचार वॉशची बाटली उघडण्याच्या आधी व्हायला पाहिजे. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात, आणि मधे तेलाची साय असेल तर दोन्ही अडतात. वाफेवर चालणाऱ्या इंजिनाला सकाळी कामावर जायचं असतं. त्याच्या दांड्यांना, सांध्यांना तेल पडतं. कॉटन वेस्टचा बोळा घेऊन कुणीतरी ते पुसतं. जिथून तेल झिरपतं तिथे काळपट ओला डाग पडतो आणि त्या डागावर धूळ बसून त्याचा गिलावा होतो. पुढचा स्मोकबॉक्स इतका तापतो की काळा रंग जळून राखाडी, कुठे कुठे भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा होतो. बॉयलरचं पाणी जड असेल तर व्हॉल्व्हच्या आणि सांध्यांच्या खाली क्षाराचे पांढरे ओघळ येतात. आपल्याकडच्या विहिरीच्या पाण्याने घरातल्या हिटरच्या कॉइलचं काय होतं ते आठवा, तेच. आणि जिथे माणसाचा हात रोज लागतो, चढायचा दांडा, पायरीची कड, दाराची मूठ, तिथे धातू मळत नाही, उलट उजळतो.

म्हणजे चालत्या इंजिनाचा मळ असा असतो : वरून काजळी, मधे तेल, खालून धूळ. गंज जवळपास नाहीच. शेवटच्या वर्षांत पुसणं कमी झालं असेल, निगा ढिली पडली असेल. तरीसुद्धा ओशट, काजळलेलं इंजिन वेगळं आणि गंजलेलं वेगळं. पहिलं वापराने मळतं, दुसरं दुर्लक्षाने. आमची सगळी टीका या एका फरकावर उभी आहे.

हा फरक पुसला गेला तर काय बिघडतं, असं विचाराल. मूर्तिजापूर लाइनवर ज्यांनी शकुंतला धावताना पाहिली ते आता वयाने मोठे झालेत. कारंजातल्या आज दहा-बारा वर्षांच्या पोराने ती पाहिलेलीच नाही. त्याला ठाऊक आहेत ते बाभळीत गडप झालेले रूळ. त्याच्यापुढे शाळेच्या प्रदर्शनात आपण वाफ सोडणारं, पण सडलेलं इंजिन ठेवतो, आणि न बोलता त्याला सांगतो की बाबा रे, ही पहिल्यापासून अशीच होती. भंगारच होतं, भंगारातच गेलं. मग ज्याने पहाटे उठून ते इंजिन पुसलं, त्याचं काम त्या मॉडेलमधून खरवडून काढल्यासारखं होतं. त्या माणसाला हे मॉडेल दाखवा. तो रिव्हेट मोजणार नाही. हे पुसलं काहून नाही, एवढंच विचारेल.

आणि आपण वऱ्हाडातले लोक, आपल्याला हे जरा जास्तच जपलं पाहिजे. वाशिम जिल्हा झाला १९९८ मध्ये, आणि वीस वर्षांत नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. बाहेरून कॅमेरा घेऊन येणाऱ्याला इथे पडकं, सुकलेलं, थांबलेलं असं काहीतरी हवंच असतं. फोटो चांगला येतो त्याचा. त्याला हवं ते देणं हे त्याचं काम सोपं करणं आहे. आपण ते आपल्याच हाताने, ट्रिपल झीरोचा ब्रश घेऊन का करायचं?

आता ही सवय लागली कुठून ते बघू, कारण ती इथली नाही. मॉडेल मळवण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडात जॉन अहर्न यांचं मॅडर व्हॅली नावाचं रेल्वे मॉडेल १९३० च्या दशकाच्या शेवटी सुरू झालं, ते आज पेंडन संग्रहालयात आहे. वस्तू वापरलेल्या दिसल्या पाहिजेत हा विचार त्यात होता. अमेरिकेत कॅलिफोर्नियात जॉन अ‍ॅलन यांनी तोच विचार पार नाटकापर्यंत नेला. १९७३ मध्ये ते गेले आणि काही दिवसांतच त्यांचं ते मॉडेल आगीत जळालं. पण आज आपण ज्या पद्धती वापरतो त्यातल्या बऱ्याचशा रेल्वेवाल्यांच्या नाहीतच, रणगाडेवाल्यांच्या आहेत. बेल्जियमचे फ्रांस्वा व्हर्लिंडेन यांनी १९७०-८० च्या दशकांत गडद वॉश आणि त्यावर ड्राय ब्रश ही जोडी जगभर पोचवली. पुढे स्पेनमधल्या कंपन्यांनी तेच काम बाटल्यांत भरून विकायला काढलं. धुळीची बाटली, चिखलाची बाटली, ताज्या गंजाची वेगळी, जुन्या गंजाची वेगळी. डबीवर नाव काय, तर युरोप डस्ट. दुसऱ्या डबीवर रशियन अर्थ.

माल उत्तम असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण रणगाडा ही फार वेगळी वस्तू आहे. तो झाडं मोडत जातो, दगडांवर घासतो, आणि त्याला पुसायला कुणाला वेळ नसतो. तो साधारण १:३५ प्रमाणात बनतो. स्पंजाचा तुकडा रंगात बुडवून टिपला की जो एक मिलिमीटरचा टवका उमटतो, तो रणगाड्यावर खऱ्या मापात साडेतीन सेंटिमीटरचा. चालून जातो. तोच स्पंज, तोच हात आपण १:८७ च्या इंजिनावर टेकवला की त्या एका मिलिमीटरचे होतात पावणेनऊ सेंटिमीटर. चार बोटांएवढा रंगाचा पोपडा! असे पन्नास पोपडे डब्याच्या एका बाजूवर. इतका रंग उडालेला डबा कारखान्यात परत पाठवतील, रुळावर सोडणार नाहीत. दुसरा हिशोब अंतराचा. मॉडेल आपण एक फुटावरून, म्हणजे तीस सेंटिमीटरवरून बघतो. १:८७ मध्ये ते झाले सव्वीस मीटर. कधी फलाटावर उभं राहून सव्वीस मीटरवरच्या डब्याकडे बघा आणि किती टवके मोजता येतात ते आम्हाला कळवा. त्या अंतरावर दिसतो तो रंगाचा एकूण विटकेपणा : छपराकडे फिकट, खाली धुरकट.

म्हणून आमचं मत असं की आपल्या कामाला टवक्यांपेक्षा वॉश आणि त्याचा पातळ भाऊ फिल्टर जास्त उपयोगी. आता थोडं तंत्राचं बोलतो, राहवत नाही म्हणून.

वॉशचं काम काय, तर सावली देणं. लहान वस्तूवर खऱ्या सावल्या पडत नाहीत, फटी उथळ असतात. पातळ गडद रंग फटीत, सांध्यात, रिव्हेटच्या बुडाशी ओढला जातो आणि डोळ्याला खोली वाटते. हे घडतं ते द्रवाच्या ओढीमुळे, आणि ती ओढ नीट चालायला पृष्ठभाग गुळगुळीत लागतो. म्हणून आधी चकचकीत वार्निश, मग वॉश, सगळ्यात शेवटी मॅट वार्निश. मॅट रंगावर थेट वॉश सोडला तर तो टिपकागदावर शाई पसरावी तसा पसरतो आणि कडेला रेघ धरतो. आपल्या मॉडेलांवर जी ढगाळ, चहा सांडल्यासारखी वर्तुळं दिसतात ती बरेचदा इथून आलेली असतात. मग ती झाकायला त्यावर गंज लावला जातो. गंमत नाही, खरंच सांगतो. कितीतरी गंज हा आधीच्या डागावरचं पांघरूण असतो.

त्यात आपलं हवामान. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडून जातो, तेव्हा पाण्यातला अ‍ॅक्रिलिक वॉश फटीत पोचायच्या आतच वाळतो. पावसाळ्यात उलटी अडचण : दमट हवेत वार्निश फवारलं की ते पांढुरकं धरतं. परदेशी व्हिडिओत हे येत नाही, त्यांच्या खोलीत बाराही महिने एकच हवा. इथे तैलरंग बरा. कॅम्लिनच्या तैलरंगाच्या नळ्या कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळतात. बर्न्ट अंबर, रॉ अंबर, काळा, पांढरा, या चार नळ्यांत आमचं नव्वद टक्के काम होतं. नळीतला रंग आधी पुठ्ठ्यावर काढून तासभर ठेवायचा म्हणजे जास्तीचं तेल पुठ्ठा पितो, नाहीतर वॉश चमकतो आणि वाळता वाळत नाही. मग टर्पेंटाइनमध्ये अगदी फिका करून, ब्रशच्या टोकाने फक्त सांध्याला टेकवायचा. अर्ध्या तासाने, टर्पेंटाइनने जेमतेम ओलसर केलेल्या ब्रशने जास्तीचा ओढून घ्यायचा. तोसुद्धा वरून खाली, कारण पाऊस वरून खाली पडतो.

हे शेवटचं वाक्य साधं वाटतं, पण पुष्कळ मॉडेलं इथेच नापास होतात. ओघळाला दिशा असते आणि दिशेला कारण असतं. डब्याच्या खिडकीखाली लालसर तपकिरी ओघळ दाखवायचे असतील, आणि वऱ्हाडात ते दाखवले नाहीत तर तो खोटेपणा, तर ते पानाचे-खर्ऱ्याचे आहेत हे ठाऊक पाहिजे. मेल गाडीवर ते वाऱ्याने मागे वळलेले असतात. शकुंतलेवर तसे वळवू नका. तिचा वेग असा होता की पिचकारीसुद्धा सरळ खाली यायची.

आता माती. इथे युरोप डस्टची डबी सगळ्यात जास्त फसवते. त्या डबीतली धूळ पिवळसर-फिकट असते. आपली जमीन बेसाल्टची, आणि माती काळी, चिकण, कपाशीची. ओली असताना गडद काळी, बैलगाडीच्या चाकाला लागली की थरावर थर चढत चाक दुप्पट जाड होतं. वाळली की राखाडी होते, आक्रसते, तिला भेगा पडतात आणि तिची ढेपळं गळून पडतात. उडणारी धूळ तर आणखीच फिकी, राखेकडे झुकणारी. म्हणजे एकाच मातीचे तीन रंग, ऋतूप्रमाणे. तुम्ही मॉडेलवर जूनचं पाणी साचलेलं दाखवलं आणि चाकांवर फेब्रुवारीची धूळ उडवली, तर शेतकऱ्याच्या घरातला कुणीही अर्ध्या मिनिटात हसेल.

मग काही जण उत्साहाने खरी माती आणून चाळून वरून भुरभुरवतात. तेही जमत नाही. चाळलेल्या मातीतसुद्धा बारीक खडे उरतात, आणि अर्ध्या मिलिमीटरचा खडा १:८७ मध्ये चार सेंटिमीटरचा गोटा असतो. शिवाय डिंक-पाणी लागलं की ही माती फुगते, वाळताना आक्रसते आणि खालचा रंगच सोलून काढते. कुंभाराची रीत घ्या. माती बरणीत पाण्यात कालवा, जाड खाली बसू द्या, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता, ते थांबू द्या, पुन्हा तेच करा. शेवटी तळाशी जी साय राहते ती वाळवून, तव्यावर भाजून, खलात घोटून ठेवा. ती पावडर टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ कालवून लावली की वाशिमचीच धूळ बसते, बाटलीतली नाही. रंग हवेपेक्षा गडद वाटला तर थोडी खडूची पूड. लहान वस्तू मुळातच थोडी गडद दिसते, म्हणून तिचा रंग खऱ्याहून किंचित फिका ठेवावाच लागतो.

गंजाबद्दलही हेच. कोकणात समुद्राच्या हवेत पत्रा वर्षभरात नारिंगी पोपडे टाकायला लागतो. आपल्याकडे आठ महिने कोरडे. इथला जुना गंज पातळ, गडद, जवळजवळ कातासारखा असतो. तो भडक नारिंगी रंग दुसऱ्या किनाऱ्याचा आहे.

आमच्यावर एक आक्षेप हमखास येतो : मॉडेल ही कला आहे, थोडी अतिशयोक्ती चालते, रंगभूमीवर नट चेहऱ्याला रंग फासतोच ना? अगदी मान्य. आम्ही अतिशयोक्तीच्या विरोधात नाही. अमेरिकेतले जॉर्ज सेलिओस यांचं फ्रँकलिन अँड साउथ मँचेस्टर हे मॉडेल तिकडच्या टीकाकारांनाही फार मळकं वाटतं. पण ते १९३० च्या मंदीतलं गाव आहे आणि त्याची प्रत्येक भिंत, प्रत्येक पाटी तीच एक गोष्ट सांगते. तिथे मळ हे मत आहे. आमच्यापुढच्या मॉडेलांत तसं मत दिसत नाही. मोबाइलवर फोटो उठून दिसावा, स्पर्धेत परीक्षकाची नजर थांबावी, एवढंच दिसतं. आणि परीक्षकही थांबतात हो. स्वच्छ, नीट वापरलेल्या इंजिनाला बक्षीस दिलेलं आम्ही फारसं पाहिलेलं नाही.

उलट टोकाचा खोटेपणाही आपल्याकडे आहेच. रेल्वे स्थानकांबाहेर चौथऱ्यावर जुनी इंजिनं ठेवलेली असतात. त्यांना लाल-पिवळा ऑइलपेंट, दांड्यांना चंदेरी, रिव्हेटवर वेगळा रंग. नवरदेवाची घोडी जणू. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे. तिथे जाऊन मापं घ्या, आकार बघा, जरूर बघा. मळ मात्र तिथे शिकता येणार नाही, तो रंगाखाली गेला. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथे सगळा भर गाड्या चालण्यावर आहे, आणि त्या संग्रहालयाचं ते म्हणणं सरळ आहे, त्यात आम्हाला दोष दिसत नाही.

हा नटवण्याचा स्वभाव आपला जुना आहे. विदर्भातली पोरं मॉडेल बनवायच्या आधीपासून मॉडेल मिरवतात, तान्ह्या पोळ्याला. लाकडी नंदी, खाली चाकं, वर रंग, बेगड, झूल. लहान केलेली वस्तू म्हणजे सजवलेली वस्तू, हे तिथे डोक्यात बसतं आणि ते गोडच आहे. पण मोठ्या पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण काय करतो? खांदशेकणी. जू घासून घासून बैलाच्या मानेवर जिथे घट्टा पडलेला असतो, तिथेच हळद-तूप लावून शेकतो. वर्षभराच्या कामाची खूण नेमकी कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं, अंगभर शोधावी लागत नाही. वॉशचा ब्रश उचलताना आम्हाला तो घट्टा आठवतो. इंजिनाचा घट्टा कुठे आहे? पायरीवर, दांड्यावर, तेलाच्या भोकापाशी. तिथे ब्रश टेकवा. बाकी अंग मोकळं राहू द्या, बिघडत नाही.

बरं, वेळ होत आला. समोरून एक प्रश्न आला आहे, तो घेतो. प्रश्न असा की मग आजची शकुंतला, बंद पडलेली, ती मॉडेलमध्ये करायचीच नाही का? ती तर खरोखर गंजली आहे.

करायची की. आमचं सध्या तेच चालू आहे. पण बंद लाइन करायची तर पूर्ण बंद करा. धूर नको, ड्रायव्हर नको. रुळाचा माथा तपकिरी, त्यावर चाक चालणार नाही हे मान्य करून. पावसाने वाहून आलेल्या काळ्या मातीत स्लीपर अर्धे बुडालेले, वर तरोटा वाढलेला. रुळाच्या जोडावरच्या पट्ट्यांचे बोल्ट जाग्यावर नाहीत, कारण सोडलेल्या लाइनवर आधी सुटी वस्तू जाते, मग मोठी. मधूनच रूळ ओलांडणारी पायवाट, आणि नेमकं त्या पायवाटेवर मातीचा रंग फिका, कारण तिथे अजून माणसं चालतात. तिथे गंज हवा तेवढा लावा, त्याचा तो हक्क आहे.

आम्ही दोन तुकडे शेजारी शेजारी करतोय, प्रत्येकी एक फूट लांब. जागा तीच, बाभूळ तीच, एकीकडे लहान आणि एकीकडे मोठी. नळ्या त्याच चार. एका तुकड्यात रुळाचा माथा बारीक पॉलिश पेपरने घासलेला, चाकाखाली तेलाचा डाग, पायरीची कड उजळ. दुसऱ्यात घासलेलं काहीच नाही. पहिल्यातलं इंजिन अजून रंगवायचं आहे, काळा रंग झाला, वार्निश झालं. पाऊस उघडला आणि हवा जरा कोरडी झाली की वॉशला बसू. कारंजाकडच्या कुणाच्या घरी त्या काळातले फोटो असतील, लग्नातले चालतील, वऱ्हाड उतरतानाचे, तर कृपया दाखवा. मागे डबा दिसत असेल तर फारच बरं. आम्हाला त्या डब्याची खालची कड बघायची आहे.